शाबूत शिक्क्याचं कपाट

माणसाची खरी प्रतिष्ठा तो अंगावर काय घालतो यावरून ठरत नाही. तो कपाटात काय कोंबतो आणि कोंबल्यावर दार लागतं की नाही, यावरून ठरते. दार लागलं की घर आवरलेलं. आजवर जगात जी जी घरं आवरली गेली ती सगळी याच शास्त्रशुद्ध पद्धतीनं आवरली गेली आहेत, आणि पाहुणे दारात येण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत हे शास्त्र फार वेगानं पुढे सरकतं.

सदर हकिकत जिथं घडली तिथली हवा दमट होती. दमट म्हणजे किती, तर तिथं मीठ चिमटीत यायचं नाही, ओतून घ्यावं लागायचं. आगपेटीतली काडी पाचसहादा घासल्यावर पेटायची, तीही घासणाऱ्याच्या वयाचा मान राखून. बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी घरातल्या सगळ्यांना हाक मारून बसवावं लागे, कारण शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो बिस्कीट मान टाकायचं. अशा हवेत बंद कपाटात बुरशी येणारच, हे त्या चार मजली इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त ती शेजाऱ्याच्या कपाटात येते, असा सर्वांचा समज होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचाही तोच समज होता. तो मोडला त्यांच्या नातीमुळे.

नात सहा वर्षांची, घरातलं नाव टिल्ली. सुटीत आजोळी आली, लपाछपीत आजी-आजोबांच्या लाकडी कपाटाच्या खालच्या खणात जाऊन बसली, आणि सापडली ती शिंकांच्या आवाजावरून. शिंकांचा खोकला झाला, खोकल्याची धाप झाली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि लेकीला विचारलं, "घरात कुठे बुरशी आहे का?" लेकीनं घरी येऊन खालच्या खणातली रजई उलटी केली. रजईच्या पाठीवर हिरवट पांढरी नक्षी उमटली होती. लेकीनं सरळ बॅग भरायला घेतली.

पुढच्या सुटीच्या आधी तिचा फोन आला. "बाबा, त्या कपाटातली बुरशी गेली म्हणून तुमचा फोन येईपर्यंत मी हिला आणणार नाही. आईला म्हणावं, रागावू नकोस."

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं. वर्षातून एकदा ते पोर घरात यायचं, तेवढ्यावर त्या वर्ष काढायच्या.

त्यांचे यजमान मात्र रडणाऱ्यांतले नव्हते. ते निवृत्त धान्य गोदाम निरीक्षक. सगळी इमारत त्यांना साहेब म्हणे. (पाठीमागे 'बुरशीबुवा' म्हणू लागली, पण ते या प्रकरणामुळे.) सगळी नोकरी त्यांनी पोती तपासली, तपासलेल्या पोत्याला सुतळी बांधली आणि सुतळीवर लाखेचा शिक्का मारला. शिक्का मारलेलं पोतं आतून उत्तम असतं, असा त्यांचा अनुभव होता. याच्या उलट अनुभव त्यांना एकदाही आला नाही, कारण पोतं उघडणं हे दुसऱ्या खात्याचं काम होतं.

लेकीचा फोन त्यांनी वरिष्ठांचा आदेश आल्यासारखा उभं राहून ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. कपाट रिकामं केलं. कपडे कडकडीत उन्हात टाकले. फळ्या पुसल्या, वाळवल्या, पुन्हा पुसल्या. कपाट भिंतीला चिकटून नसावं, चार बोटं अंतर असावं, म्हणजे मागून हवा खेळते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. चार बोटांत जर हवा खेळते तर हातभर अंतरात ती सुखानं नांदेल, असा विचार करून साहेबांनी कपाट हातभर पुढे ओढलं. आता पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं होऊन जावं लागे, पण विज्ञानासाठी काकू आडव्या होऊन जाऊ लागल्या. इथवर साहेबांनी केलेली एकूण एक गोष्ट बरोबर होती, हे प्रांजळपणे नमूद केलं पाहिजे.

मग त्यांनी सगळे कपडे आत रचले, दार लावलं, दोन्ही मुठींभोवती सुतळी गुंडाळली आणि लाख वितळवून त्यावर शिक्का मारला.

"अहो, माझी शाल आत राहिली," काकू म्हणाल्या.

"सुरक्षित आहे."

"आणि तुमचे शर्ट? तुमचा लग्नातला कोट?"

"सगळं सुरक्षित आहे."

"अहो, पण घालायचं काय?"

"अगं, वापरलेली वस्तू सुरक्षित कशी राहील?" साहेब शांतपणे म्हणाले. त्या दिवसापासून नवरा-बायकोचे रोजचे कपडे दोन खुर्च्यांवर राहू लागले, आणि खुर्च्यांवर कपडे असल्यामुळे येणारे जाणारे उभे राहू लागले. आल्यागेल्यांचं बसणं कमी झालं, चहासाखर वाचली, हा या योजनेचा आनुषंगिक लाभ.

परंतु बुरशीला मजले कळत नाहीत. ती हवेतून येते, जिन्यानं येते, बोलणाऱ्याच्या शब्दावर बसूनही येत असावी. (साहेबांचं मत.) आपलं एकट्याचं कपाट शुद्ध ठेवून लेकीला फोन करणं त्यांना अर्धवट वाटलं. त्यांनी इमारतीची सभा बोलावली आणि 'बुरशी प्रतिबंधक व कपाट स्वास्थ्य समिती' स्थापन केली. अध्यक्ष, साहेब. सचिव, साहेब. सभासद, बाहेर धो धो पाऊस असल्यामुळे ज्यांना सभेतून निसटता आलं नाही असे सर्व. एकमतानं नियम झाले ते असे:

एक. प्रत्येक कपाट भिंतीपासून हातभर पुढे असावं. (यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची खाट दारात आली, आणि ते खाटेवरून उडी मारून दवाखान्यात जाऊ लागले.)

दोन. ओला, दमट अथवा 'वाळला असेल, टाक आत' या वर्गातला कपडा कपाटात ठेवू नये.

तीन. दर रविवारी अध्यक्ष स्वतः तपासणी करतील. बुरशी आढळल्यास घराच्या दारावर लाल खडूनं 'बुरशीग्रस्त' असं ठळक लिहिलं जाईल.

चार. तपासणीच्या वेळी आलेली शिंक हा बुरशीचा पुरावा धरला जाणार नाही. ती धूळ समजावी. (हे कलम पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांनी हट्टानं घालून घेतलं. ते मांडताना मास्तर तीनदा थांबले, शिंकण्यासाठी.)

शेवटी साहेबांनी जाहीर केलं, की लागोपाठ तीन रविवार इमारतीत शून्य बुरशी निघाली, की त्याच दिवशी ते लेकीला फोन करतील. काकूंनी हे वाक्य मनात घट्ट बांधून ठेवलं.

पहिल्या रविवारी इमारतीतल्या शेकडा ब्याण्णव कपाटांत बुरशी आढळली. उरलेलं शेकडा आठ म्हणजे साहेबांचं स्वतःचं कपाट. त्यावर शिक्का असल्यामुळे ते तपासावं लागलं नाही.

सभासद मनाला लावून घेणारे होते. प्रत्येकानं आपापल्या व्यवसायाला शोभेल असा उपाय योजला. मास्तरांनी खणाखणांत खडूचे तुकडे पसरले. ते ओल शोषून घेतात म्हणे. घेतलीही असावी, कारण मास्तर वर्गात शिरले की पोरांना पाठीवरची गणितं वाचता येऊ लागली. दातांच्या डॉक्टरांनी लवंगेच्या तेलाचे बोळे ठेवले, त्यामुळे त्यांचं कपाट उघडलं की उघडणाऱ्याची दाढ दुखायची. तळमजल्यावरच्या टेलरबाईंनी कोळशाच्या पुरचुंड्या टांगल्या आणि गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या कॉलरी काळ्या करून घेतल्या. एवढं सगळं करून दारं मात्र सर्वांनी गच्च लावून ठेवली, कारण उपायाचा वास बाहेर जाऊन वाया गेला असता. दुसऱ्या रविवारी तेच शेकडा ब्याण्णव.

अडचण सोडवली ती काकूंच्या शालीनं.

झालं असं, की हवा एकदम गार झाली आणि काकूंना कणकण आली. टेलरबाई गोळी द्यायला वर आल्या तेव्हा काकू अंगाला चादर गुंडाळून बसल्या होत्या.

"अहो काकू, शाल नाही का तुमच्याकडे?"

"आहे की. शिक्क्यामागे आहे."

टेलरबाईंनी कपाटाकडे पुढून पाहिलं. मग उसवलेली शिवण शोधायची सवय असल्यामुळे मागून पाहिलं. हवेला नांदण्यासाठी सोडलेल्या हातभर जागेत एक शिडशिडीत बाई सहज मावत होती, आणि कपाटाची पाठ म्हणजे नुसती प्लायवूडची फळी होती, चार स्क्रूंवर तोललेली. टेलरबाईंनी शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर आणला. फळी निघाली, शाल निघाली, फळी पुन्हा बसली. पुढचा शिक्का जसाच्या तसा.

शाल चादरीच्या आत पांघरली, म्हणजे साहेबांना दिसायला नको. काकूंना ऊब आली, आणि उपकाराचं ओझंही. त्याच आठवड्यात टेलरबाई एक बोचकं घेऊन उभ्या राहिल्या. "काकू, रविवारपुरतं ठेवता? जुने कपडे आहेत, जरा... धूळ आहे. माझ्या दारावर लाल खडूनं लिहिलेलं वाचून काल एक बाई कापड परत घेऊन गेली हो."

काकूंना नाही म्हणवेना. शिवाय त्यांच्या मनात दुसराही हिशेब चालला होता. तीन रविवार शून्य, की फोन. फोन, की टिल्ली. बुरशी खरोखर जायलाच पाहिजे असं नव्हतं. गेली असं म्हणता यायला हवं होतं. शनिवारी साहेब फिरायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं बोचकं आत सरकवलं.

अशा गोष्टी जिन्यानं बुरशीपेक्षाही लवकर पसरतात. पुढच्या शनिवारी मास्तरांचं गाठोडं आलं, मग दातांच्या डॉक्टरांच्या पायताणांची पिशवी. सुरुवातीला मंडळी सोमवारी आपापला माल घेऊन जात. मग म्हणू लागली, "राहू दे ना काकू, पुन्हा रविवार येणारच आहे." इमारतीतलं एकमेव न तपासलं जाणारं कपाट हे इमारतीतलं सर्वांत उपयोगी कपाट ठरलं.

साहेब रोज सकाळी भिंग घेऊन शिक्का तपासत. शिक्का शाबूत असे. खोलीत अलीकडे कसलासा कुबट वास येतो, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. कपाट निर्दोष असल्याची खात्री असल्यामुळे वास बाहेरून येत असला पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्यांनी खिडक्या बंद करून घेतल्या.

तपासणीचे आकडे भराभर सुधारले. शेकडा ब्याण्णवाचे चाळीस झाले, चाळिसाचे आठ, आणि मग एका रविवारी शून्य. त्याच्या पुढच्या रविवारी शून्य. तिसऱ्या रविवारी साहेबांनी प्रत्येक दारावरचा लाल खडू ओल्या फडक्यानं पुसला आणि तिथं 'बुरशीमुक्त घर' असं प्रमाणपत्र चिकटवलं. (फडकं ओलं असल्यामुळे दोन प्रमाणपत्रं फुगली. ती तशीच चिकटवण्यात आली.) मग त्यांनी फोन लावला.

"ये. घेऊन ये तिला. सगळी इमारत स्वच्छ आहे. आपलं कपाट मी तुझ्यासमोर उघडणार."

हे शेवटचं वाक्य ऐकून काकूंच्या हातातला पेला निसटला.

त्या लगोलग खाली धावल्या. टेलरबाईंनी दार जेमतेम फटीएवढं उघडलं. "अहो काकू, दारावर प्रमाणपत्र लागलंय. आता ते बोचकं आत घेतलं तर प्रमाणपत्र खोटं पडेल ना? साहेबांचाच अपमान." मास्तरांनी तर सिद्ध करून दाखवलं, की ज्या घरात बुरशी शून्य आहे त्या घरातून आलेल्या गाठोड्यात बुरशी असूच शकत नाही, असेल, तर ते गाठोडं त्यांचं नाही. दातांच्या डॉक्टरांनी काकूंना आ करायला सांगितलं आणि एक दाढ किडलीय म्हणाले. काकू वर आल्या. नवऱ्याला सांगावं तर त्याचा उतरलेला चेहरा बघवणार नव्हता. न सांगावं तर पोर येणार होतं. ना धड सांगता येई ना धड गप्प बसता येई. कपाट दोनदा झाडून घेऊ, चार पिशव्या भंगारवाल्याला देऊ, असं त्या ठरवत राहिल्या, आणि साहेब आनंदानं घराबाहेरच पडेनात.

लेक आली. तिनं बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दारातूनच हवेचा वास घेतला. मागे जिन्यात सभासद स्वागताला जमले होते, प्रत्येकजण आपण इथं सहज आलोय असं दाखवत. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खुर्चीवरचा. त्यांनी घसा साफ केला आणि प्रतिबंधक उपायांची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली.

मोठ्या माणसांचं भाषण सुरू झालं, की लहान माणसं लपायला जागा शोधतात. टिल्ली कधी आत सटकली कोणाला कळलं नाही. काकूंनी तिला पाहिलं तेव्हा ती कपाटाच्या मागच्या हातभर जागेत शिरली होती आणि बोटानं स्क्रू फिरवत होती. वारंवार काढून घालून ते इतके सैल झाले होते, की बोटानं फिरत होते.

"आजी, इथं आत गंमत आहे," ती म्हणाली, आणि शिंकली.

अब्रू, प्रमाणपत्र, नवऱ्याचा चेहरा, सगळं त्या एका शिंकेत उडून गेलं. त्यांनी हात घालून पोरीला बाहेर ओढलं, लेकीच्या कडेवर दिलं. "हिला आधी गच्चीवर ने. मोकळ्या हवेत. जा." मग त्या कपाटासमोर आल्या आणि स्वयंपाकघरातली सुरी सुतळीखाली घातली.

"अगं, शिक्का!" साहेब ओरडले.

"शिक्क्यापेक्षा पोर मोठं," काकू म्हणाल्या, आणि लाख तुटली.

दारं आपसूकच उघडली, कारण आतून त्यांच्यावर दाब होता. बोचकं आलं, गाठोडं आलं, पायताणांची पिशवी आली, तीन उशा, एक छत्री, बाळंतविड्यातलं एक दुपटं, मास्तरांच्या पदवीचा झगा, आणि सर्वांत शेवटी, हँगरसकट, एक कोट. सगळ्यांवर एकच हिरवट पांढरी साय धरली होती. आत येताना कोण कुठल्या मजल्याचं होतं ते आता ओळखू येत नव्हतं. समितीला जी समता नियमांनी साधली नाही ती बुरशीनं साधली होती.

साहेबांनी आधी तुटलेला शिक्का उचलून पाहिला. अक्षरं स्पष्ट होती. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "हे कोणाचं आहे?"

कोणाचंच नव्हतं. टेलरबाईंना बोचकं अनोळखी वाटलं. मास्तर म्हणाले, असे झगे पुष्कळांकडे असतात. दातांचे डॉक्टर शिंकले आणि "धूळ" म्हणाले. मग त्यांनीच कोटाकडे बोट केलं. "हा तरी तुमचा ना, साहेब?"

साहेबांनी कोटाकडे पाहिलं. अध्यक्ष आणि सचिव, दोघांनी मिळून पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

सर्वानुमते असं ठरलं, की हा माल बाहेरून आलेला आहे. तो गच्चीवर नेऊन दोरीवर टाकण्यात आला. ऊन लख्ख पडलं होतं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला, लेक टिल्लीला घेऊन बसली होती. टिल्लीची शिंक केव्हाच थांबली होती आणि ती दोरीवरच्या वस्तू लांबूनच मोजत होती.

"आजोबा, तो तुमचा कोट!" ती ओरडली. "आजीबरोबरच्या फोटोतला!"

तो फोटो त्यांच्या दर्शनी खोलीत दारासमोरच टांगलेला होता आणि इमारतीतल्या प्रत्येकानं तो उभ्या उभ्याच पाहिलेला होता. साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली नाही. "मागून उघडत होते मी," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन लवकर जावा म्हणून." साहेबांचा चेहरा खरंच उतरला, काकूंना वाटलं होतं त्याहून थोडा जास्तच. मग ते दोरीपाशी गेले, कोटाच्या बाहीवर हात फिरवला, हाताला लागलेली हिरवी भुकटी बघितली.

"हो. माझाच आहे," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी शिक्क्याआड ठेवलेली आणि नंतर स्वतः पुन्हा तपासलेली ही पहिली वस्तू. "चांगला घासून वाळवला पाहिजे."

त्यानंतर सभासद एकेक करून ऊन कसं पडलंय ते बघायला दोरीजवळ आले. मास्तरांनी झगा धुवायला नेला, केवळ माणुसकी म्हणून. टेलरबाईंनी बोचकं काखोटीला मारलं, कारण त्याची गाठ त्यांच्याच हातची दिसत होती. दातांच्या डॉक्टरांनी पिशवी चिमटीत धरून उचलली. लेक खाली गेली आणि तिनं उंबऱ्याबाहेरची बॅग आत घेतली.

समिती आपोआप बंद पडली. हल्ली त्या इमारतीत दुपारी ऊन असलं की कपाटांची दारं सताड उघडी असतात, आतलं सगळ्यांना दिसतं, आणि बुरशीचं प्रमाण बरंच उतरलं आहे. या उपायाला निरीक्षक लागत नसल्यामुळे तो आजवर कुठल्याही नियमावलीत आला नव्हता.

एक वस्तू मात्र दोरीवर तशीच राहिली आहे. बदामी रंगाचा स्वेटर, कोपरापाशी विरलेला, वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं. इमारतीत दारोदार विचारून झालं. खरोखर कोणाचाच नाही. तुमचाही नसणार, याबद्दल आमच्या मनात शंका नाही, कारण तुमच्याकडे बुरशी नसते. तरीपण हे वाचून झालं की उठा, आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, मागच्या कोपऱ्यात, गेल्या वर्षी 'नंतर बघू' म्हणून जे कोंबलंत ते एकदा बाहेर काढा. काढताना लेकरांना तेवढं लांब उभं करा. आणि शिंक आलीच तर काळजी नको, कलम चार अजून लागू आहे: धूळ म्हणा.